प्रायश्चित्ताची ऐपत

ख्रिस्टीन कीलरचा एक फोटो जगभर गाजला. प्लायवूडच्या खुर्चीवर उलटी बसलेली, खुर्चीच्या पाठीआड अंग झाकून घेतलेली मुलगी. १९६३ मध्ये लुईस मॉर्लेने तो काढला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. सिनेमाच्या करारात विवस्त्र फोटोंचं कलम होतं आणि तिची तयारी नव्हती. मॉर्लेने इतरांना बाहेर काढलं, स्वतः पाठ फिरवली आणि करारही पाळला जाईल, अंगही दिसणार नाही, अशा बेताने तिला बसवलं. लोकांना त्या फोटोत निर्लज्जपणा दिसला. मला दिसते ती अब्रू राखण्याची धडपड.

रेल्वेच्या जुन्या डब्यांच्या घरात वाढलेली ही मुलगी सोहोतल्या मरेज कॅबरे क्लबात शोगर्ल झाली. तिथे तिला स्टीफन वॉर्ड हा हाडवैद्य भेटला आणि त्याच्या ओळखीने उमरावांची दारं उघडली. गुंड पाठवून भाडेकरूंना छळणारा घरमालक पीटर रॅकमनही तिच्या आयुष्यात येऊन गेला. जुलै १९६१ मध्ये लॉर्ड अ‍ॅस्टरच्या क्लिव्हडन इस्टेटीत, पोहण्याच्या तलावाकाठी, ब्रिटनचा युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो याची गाठ पडली आणि दोघांचे संबंध जुळले. सोव्हिएत नौदलाचा अधिकारी इव्हानोव्हही त्याच गोतावळ्यात होता. डिसेंबर १९६२ मध्ये तिच्या एका प्रियकराने वॉर्डच्या घरावर गोळ्या झाडल्या आणि सगळं चव्हाट्यावर आलं.

खोटं दोघंही बोलले. प्रोफ्युमो या संबंधांबाबत संसदेत खोटं बोलला आणि १९६३ च्या जूनमध्ये मंत्रिपद सोडून घरी गेला. आपल्याला मारहाण करणाऱ्या माणसाच्या खटल्यात कीलरने साक्षीदारांबाबत खोटं सांगितलं. तिला नऊ महिन्यांची कैद झाली. वॉर्डवरही खटला चालला; त्याने तर निकालाआधीच झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि तो वाचला नाही.

पुढे प्रोफ्युमोने पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये वर्षानुवर्षं बिनपगारी सेवा केली. १९७५ मध्ये सरकारने त्याला सीबीई हा किताब दिला. त्या सेवेचं मोल मी कमी लेखत नाही. गरिबांसाठी त्याने खरोखर खस्ता खाल्ल्या. पण बिनपगारी सेवा करायला घरची चूल दुसऱ्या पैशावर पेटावी लागते. त्याच्याकडे वडिलोपार्जित संपत्ती होती. म्हणून त्याला राबता आलं, आणि मुख्य म्हणजे गप्प राहता आलं. त्या मौनाला लोकांनी थोरपणा म्हटलं.

कीलरला गप्प बसणं परवडणारं नव्हतं. बदनाम नावावर धड नोकरी मिळेना, आणि त्या नावाची हकिकत सोडून विकण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. प्रत्येक नव्या पुस्तकागणिक लोक म्हणत, बघा, अजून लाज विकते आहे. शेवटी ती आडनाव बदलून सरकारी घरात राहिली. तिला नावं ठेवणारी हीच माणसं तिच्या मुलाखती चवीने वाचत होती, याची मला चीड येते.

२०१७ मध्ये ती वारली. तिची ती शिक्षा पुसली जावी म्हणून तिच्या मुलाने माफीसाठी झगडा मांडला. त्याचं म्हणणं एवढंच, की साक्षीदारांबाबत ती खोटं बोलली असेल, पण मार तिने खरोखर खाल्ला होता. ती माफी तिला मिळायला हवी.