हळदीचा पिवळा कुठे असतो?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा, त्यामुळे वर्षभर हळदीशी गाठ. स्वस्तातला मॉनिटर घेताना माझा निकष ठरलेला: आयपीएस पॅनेल, एसआरजीबी रंगपट्टा पूर्ण, डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, २ च्या आत. फोर-के नसलं तरी चालतं. वाचलेले पैसे कॅलिब्रेटरला. दुकानात डोळ्यांत भरणारा झगझगीत पडदा मी घेत नाही. तो तोंडावर गोड बोलतो.

पण खरा रंग म्हणजे कोणता? अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात रूप हा वस्तूचाच गुण, आणि पिवळा त्याच्या सात प्रकारांपैकी एक. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये वेगळंच मांडलं: किरणांना रंग नसतो, रंगाची जाणीव जागवण्याची शक्ती असते. माझा पडदा न्यूटनच्या बाजूचा. त्यावर पिवळा ठिपकाच नाही. लाल आणि हिरवे शेजारीशेजारी पेटतात, पिवळा आपल्यात उमटतो.

तरी नैयायिकांना मी सोडत नाही. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, हा आपल्या दर्शनांतला जुना दाखला. दोष डोळ्यांत आहे असं म्हणायला पांढरं काय ते आधी ठरावं लागतं. आमच्याकडे ते ठरलंय: डी६५, साधारण ६५०० केल्विन. हा पांढरा कुणाला सापडलेला नाही, तज्ज्ञांनी बसून नेमलेला आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गिऱ्हाईक मात्र व्हिडिओ फोनवर, नाइट मोड लावून बघतं, आणि नवरीची आई फोन करते, “दादा, शालू इतका केशरी कसा हो?”