जुन्या वहीतला मासा

युरोपीय आर्थिक समुदायात जायचे की नाही, असा प्रश्न मे १९७२ मध्ये आयर्लंडच्या मतदारांपुढे आला आणि ८३ टक्क्यांनी होकार भरला. लोणी आणि गोमांस विकणाऱ्या शेतकऱ्याला चढ्या भावाची बाजारपेठ दिसत होती. माशांचा विचार करायला डब्लिनमध्ये फारशी कुणाला सवड नव्हती.

समुदायाच्या जुन्या सहा सदस्यांनी ती सवड आधीच काढली होती. जून १९७० मध्ये नव्या देशांशी बोलणी सुरू होण्याच्या तोंडावरच त्यांनी ठरवून टाकले: एकमेकांच्या समुद्रात सगळ्यांना सारखाच प्रवेश. पाहुणे दारात उभे आणि आत घरचे नियम लिहिले जाताहेत, असा हा प्रकार. नॉर्वेच्या मच्छीमारांनी ही मेख ओळखली. तो देश सार्वमत घेऊन बाहेरच राहिला.

खरी गाठ पडली १९८३ मध्ये. कुणी किती मासा धरायचा, याचे वाटे ठरले ते मुख्यतः १९७३ ते १९७८ या काळातल्या पकडीवरून. तेव्हा आयरिश बोटी लहान, किनाऱ्याला धरून फिरणाऱ्या. परराष्ट्रमंत्री गॅरेट फिट्झजेरल्ड यांनी १९७६ मध्ये द हेगला थोडी सवलत पदरात पाडून घेतली होती, एवढाच दिलासा. बाकी ज्याची वही तेव्हा कोरी, त्याचा वाटा पुढेही तोकडाच.

स्पेन १९८६ मध्ये आत आला. आज नैर्ऋत्येच्या कॅसलटाउनबेअर बंदरात स्पॅनिश बोटी मासा उतरवतात, तो धक्क्यावरच शीतवाहनांत चढतो आणि थेट स्पेनची वाट धरतो. शेजारी उभ्या स्थानिक बोटीचा कोटा महिनाअखेरीआधीच संपलेला असू शकतो. हे रोज डोळ्यांसमोर घडत असेल, तर माणूस चिडणारच.

तरी ‘ब्रुसेल्सने लुबाडले’ हे अर्धेच खरे. सौदा डब्लिनने केला होता, गाईगुरांकडे बघून. शिवाय निव्वळ मोकळीक मिळून मासा टिकला असता, असेही नाही. वाटे ठरण्याआधीच, १९७७ मध्ये, केल्टिक समुद्रातली हेरिंगची मासेमारी साठा ढासळल्यामुळे बंद करावी लागली होती. उलट याच व्यवस्थेत किलीबेग्ज बंदराचे मोठे ट्रॉलर मॅकेरलवर, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भाऊबंदावर, चांगले पोसले गेले.

ब्रेक्झिटच्या करारात आयर्लंडच्या त्याच मॅकेरलच्या कोट्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. इतर मासळीच्या बोटींनाही झळ बसली. २०२३ मध्ये धंदा सोडणाऱ्या मालकांना सरकारने भरपाई दिली. अट एवढीच की बोट मोडीत निघाली पाहिजे. मग धक्क्याला क्रेन लागली, आणि ज्या सुकाणूघरात बापलेकांनी रात्री काढल्या, त्याचे पत्रे भंगाराच्या ढिगावर पडू लागले.