आयर्विनला पाणी किती?

पावसाळ्यात कृष्णा फुगू लागली, की सांगलीत एकमेकांना पहिला प्रश्न हाच : ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली. जुलै 2021 मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. पंचनामे झाले : घरं, जनावरं, पिकं. मुलांच्या भीतीला पंचनाम्यात रकाना नव्हता.

‘लहान आहे, विसरेल’ हे आपलं मायेचं वाक्य. बहुतेक मुलं घर, शाळा, खेळ पुन्हा सुरू झाले की सावरतातही. पण काहींची पत्र्यावर पावसाचा आवाज आला की झोप उडते, अंथरूण ओलं होतं, पोट दुखतं. ती विसरलेली नसतात. विषय निघाला की आईचे डोळे भरतात, हे पाहून गप्प झालेली असतात.

अशा मुलांसाठी उपचार आहे : ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर या अमेरिकी तज्ज्ञांनी तो घडवला. साधारण 12 ते 16 भेटी, पालक सोबत. आधी श्वास सावरणं, भावनेला नाव देणं. मग घडलेलं थोडं थोडं सांगणं.

शिकणाऱ्या समुपदेशकाची खरी परीक्षा या सांगण्यापाशी होते. मूल सांगत सांगत उलटलेल्या बोटीपर्यंत येतं, अडखळतं, आणि समुपदेशक पटकन म्हणतो, ‘राहू दे बाळा, त्रास होतोय ना?’ बोलतो मायेनंच, पण मुलाला कळतं ते एवढंच, की हे मोठ्यांनाही झेपत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत पायऱ्या पाठ होतील. पण मूल अडखळतं तिथे थांबून राहणं येणार नाही. ते येतं आपली केस दर आठवड्याला जाणत्यापुढे मांडून, चुकून, पुन्हा बसून. झांबियातल्या लुसाका शहरात स्थानिक कार्यकर्त्यांना असंच शिकवलं, सतत देखरेख ठेवली आणि मुलांचा त्रास लक्षणीय कमी झाला. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रत्येक तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. पण देखरेख टाळायलाही कारण नाही.

आणि शिकवायचं ते इथल्या बोलीत. भीती मोजायला परदेशी पुस्तकात थर्मामीटरचं चित्र असतं. सांगलीच्या मुलाला ते कशाला? कागदावर पुलाचा खांब काढावा, फुटांचे आकडे टाकावेत आणि विचारावं, ‘आत्ता तुझं पाणी कितीवर?’ ‘बेचाळीस,’ असं ते म्हणालं, तर इशारा ओलांडलाय, धोका अजून दूर आहे. मग दोघांनी मिळून संथ श्वास घ्यावा आणि पाणी उतरतंय का ते पुन्हा पाहावं. मोजता येणाऱ्या भीतीशी बोलता येतं.

पावसाळ्याआधी प्रशासन बोटी, लाइफ जॅकेटं, पट्टीचे पोहणारे यांची यादी करतं. त्याच यादीत प्रत्येक पूरग्रस्त तालुक्यातले मुलांशी बोलायला शिकलेले दोघं-तिघं असावेत, आणि त्यांच्या चुका वर्षभर तपासणारा एक जाणताही. बोट चालवणाऱ्याला आपण पूर आल्यावर शिकवायला घेत नाही. हेही मग पाणी चढायच्या आधीच करायला हवं.