‘आम्हाला कोणी विचारत नाही’



गेल्या पावसाळ्यात मिस्सेला नेहमी पुढच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी दिसेनाशा झाल्या. आम्हाला त्यांची आठवण झाली ती चौथ्या रविवारी. घरी गेलो. गुडघे धरल्यामुळे त्यांना चालवत नव्हते. घरात धान्य होते, औषधे होती, मुलाने घेऊन दिलेला मोबाइलही होता. तरी त्या म्हणाल्या, “सगळं आहे, पण कोणी विचारत नाही.” आम्ही मान खाली घातली.

पोटासाठी गाव सोडणे आपल्या भागाला नवे नाही. मुंबईचे डबेवाले आपल्याच आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळचे. पण पूर्वी एक भाऊ मुंबईला गेला तरी मागे भरलेले घर असे. आता घरात मुलेच एक-दोन. ती चाकणला, भोसरीला कामाला लागली की मागे उरतात दोघे म्हातारे, पुढे त्यांतलेही एकच. सातगाव पठारावर बटाट्याच्या लागवडीला वाकलेल्या माणसांत पिकल्या केसांची किती आहेत, ते आपण पाहतोच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांत सुमारे दहा माणसे साठीच्या पुढची होती. माणसे जास्त जगू लागली, ही देवाची कृपाच आहे. पण ही वाढलेली वर्षे कोणाच्या सोबतीने काढायची?

पैसे पाठवले, रात्री फोन केला, म्हणजे चौथी आज्ञा पाळली का? सरकारने २००७ साली कायदा केला. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलाकडून प्रांताकडील न्यायाधिकरण महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळवून देऊ शकते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. हे चांगलेच झाले. पण कायदा पोटाला देऊ शकतो, विचारपूस करू शकत नाही. आज्ञेत शब्द आहे ‘मान’. जमिनीचा व्यवहार असो की नातीचे लग्न, आधी म्हाताऱ्यांना विचारणे हा मान. त्यांचे ऐकले जाईलच असे नाही, पण विचारले तर पाहिजे.

मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना खडसावतो. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिले, असे सांगून लोक मोकळे होत. देवाचे नाव पुढे करूनही आईबापांचे देणे चुकवता येत नाही, हे प्रभूने स्पष्ट केले. आपली आजची कारणे म्हणजे ओव्हरटाइम, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा. ती खोटी नाहीत, म्हणूनच प्रश्न अवघड आहे. दूर असलेल्या मुलाला दोष देणे सोपे असते. आणि जी सून गावी राहून सासूचे अंथरूण-पांघरूण करते, तिला तरी आपण कधी विचारतो का? सेवा तिची आणि नाव मुलाचे, असे कितीतरी घरांत चालते.

अशा वेळी क्रुसाकडे पाहावे. प्रभूलाही आईजवळ राहता येणार नव्हते. म्हणून त्याने योहानाला आईच्या हाती आणि आईला योहानाच्या हाती दिले. त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. तो काही तिच्या पोटचा मुलगा नव्हता. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. जाणाऱ्याने आईला कोणाच्या तरी हाती सोपवूनच जावे. आणि मागे राहिलेल्यांनी, म्हणजे आपण धर्मग्रामाने, ‘ते त्यांच्या घरचे पाहतील’ असे म्हणू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे तेव्हा लागवडीची घाई असते, आणि वर्षातून एका दिवसाने भागणारही नाही. म्हणून एवढेच करू या. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतील एक वृद्ध माणूस आपला मानावा. ते रविवारी दिसले नाहीत, तर त्याच दिवशी घरी जावे. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला फादर निघाले की सोबत एखादा तरुण असावा, आणि त्याने नंतर अर्धा तास तिथेच बसावे. नुसते “कसे आहात?” म्हणू नये. पावसाचे, बियाण्याचे, जुन्या माणसांचे काहीतरी विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे.

वडीलधाऱ्यांनाही आमची विनंती आहे. लेकरांना जपमाळ शिकवा, आमच्यासाठी प्रार्थना करा. आम्हाला तुमची गरज आहे, हे आम्ही सांगायचे राहून गेले.

उद्या त्याच बाकावर आपणच बसणार आहोत. एखाद्या रविवारी आपण दिसलो नाही, तर कोणी येऊन विचारील का?