आधीं कोण?

वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते आणि पालघर तालुक्यांत दातिवरे गांवापाशीं समुद्रास मिळते. सफाळे स्टेशनवर उतरून एस्. टी.नें दातिवऱ्यास गेलें म्हणजे खाडीच्या मुखाशीं उभें राहतां येतें. दक्षिणेस पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. आम्ही उन्हाळ्यांत तेथें गेलों तेव्हां ओहोटी होती, आणि समोर जें कांहीं पाणी होतें तें सारें खारें होतें. एवढ्या मोठ्या नदीचें गोडें पाणी गेलें कोठें, असा प्रश्न त्या जागीं कोणाच्याही मनांत यावा. उत्तर गुपित नाहीं. मुंबई शहरानें १८९२ सालीं तानसा अडविली, १९५७ सालीं खालची वैतरणा अडवून मोडकसागर केला, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणेचें आणि २०१४ सालीं मध्य वैतरणेचें पाणी आणिलें. सूर्या ही वैतरणेची आणखी एक उपनदी. तिच्यावर धामणीचें धरण आहे. पुराणांतील वैतरणी मेलेल्यांनीं ओलांडावयाची असते. ही मात्र जिवंतांनीं वांटून घेतली आहे.

वांटून घेण्यास आमचा आक्षेप नाहीं. मुंबईच्या माणसांस तहान लागते ती खरीच लागते, आणि आम्ही स्वतः आयुष्याचा बराच भाग तानसाच्या पाण्यावर काढिला आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ही वांटणी करितांना आधीं कोण व मागून कोण हें कोणीं ठरविलें, आणि ज्यांस मागें ठेविलें त्यांस तें सांगितलें कीं नाहीं? हल्लींच्या राज्यकारभारांत 'अग्रक्रमाचीं उद्दिष्टें' नांवाचा जो प्रकार रूढ झाला आहे, त्याचा नैतिक गाभा आमच्या मतें एवढ्याच प्रश्नांत आहे.

हा विषय सचिवालयांतल्या कागदांचा. गृहस्थाश्रमी वाचकास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जगांतल्या मोठमोठ्या सरकारांनीं हा प्रकार गंभीरपणें घेतला आहे. अमेरिकेनें १९९३ सालीं कायदा करून प्रत्येक खात्यास आपल्या कामाचीं मापें जाहीर करावयास लाविलें, आणि २०१० च्या सुधारणा-कायद्यानें असें ठरविलें कीं, मोठ्या खात्यांनीं शेंकडों उद्दिष्टें न मांडतां थोडींच निवडावीं, तीं दोन वर्षांत गांठावीं, दर तीन महिन्यांनीं त्यांचा आढावा घ्यावा, आणि प्रत्येक उद्दिष्टामागें एका माणसाचें नांव असावें. आपल्याकडे २००९ सालीं केंद्र सरकारनें असाच एक उपक्रम सुरू केला. प्रत्येक खात्यानें वर्षारंभीं आपलीं उद्दिष्टें लिहावीं, त्यांस मिळून शंभर गुण द्यावे, आणि वर्षअखेर किती गुण पडले तें पाहावें, अशी ती रीत होती. मसुदा खात्यानें करावयाचा व तज्ज्ञांनीं तपासावयाचा. विद्यार्थ्यानेंच प्रश्नपत्रिका काढावी आणि मास्तरांनीं तिचें शुद्धलेखन पाहावें, असा कांहींसा तो थाट झाला, हें आमचें मत कदाचित् फार कडक असेल. पुढें २०१४ नंतर तो उपक्रम मागें पडला. २०१८ च्या जानेवारींत ११२ मागास जिल्ह्यांसाठीं दुसरा आरंभिला गेला. त्यांत महाराष्ट्रांतले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) हे चार होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा त्यांत नव्हता.

येथें 'अग्रक्रम' या शब्दाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण त्यांत दोन अर्थ लपलेले आहेत आणि सरकारी कागद ते एकमेकांत मिसळतात. याच किनाऱ्यावरचें उदाहरण घेऊं. चिमाजी आपांस वसई घ्यावयाची होती. परंतु १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं माहीम, तारापूर वगैरे उत्तरेकडचीं ठाणीं घेतलीं आणि मग वसईचा वेढा आवळला. वसई मे महिन्यांत पडली. तारापूर आधीं घेतलें तें वसईहून मोलाचें म्हणून नव्हे. तें पाठीशीं तसेंच राहतें तर वसईभोंवतीं निर्धास्त बसतां आलें नसतें म्हणून. हा झाला वेळेचा क्रम. यांत मागें राहिलेल्याचा अपमान नसतो. उलट आधीं घेतलेलें मागच्यासाठींच असतें. दुसरा क्रम मोलाचा. घरांत एकाच मुलाच्या शिक्षणापुरता पैसा असतां बाप मुलास कॉलेजांत धाडतो व मुलीस घरीं ठेवतो, तेव्हां 'आधीं याचें होऊं दे, मग तुझें पाहूं' असें तो वेळेच्या भाषेंत बोलतो. पण मुलीस पक्कें ठाऊक असतें कीं हा क्रम वेळेचा नव्हे. राज्यकर्त्यांची सर्वांत जुनी लबाडी हीच, असें आम्हांस वाटतें: मोलाचा क्रम ठरवावयाचा आणि तो वेळेच्या शब्दांत सांगावयाचा.

ज्यांस वाटतें कीं उद्दिष्ट स्पष्ट असलें, त्यास आंकडा लाविला आणि जबाबदार माणूस नेमला म्हणजे कारभार सुधारतो, त्यांनीं सर रिचर्ड टेंपल यांचें चरित्र अवश्य पाहावें. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळांत याच गृहस्थांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणून लोकांस जगविलें. माणसें फारच थोडीं मेलीं. पण खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर सर्वत्र टीका झाली. मग १८७६-७७ चा मोठा दुष्काळ दख्खनवर व मद्रास इलाख्यावर कोसळला. १८७७ च्या आरंभीं लॉर्ड लिटन यांनीं टेंपलसाहेबांसच दुष्काळी भागांत धाडिलें, आणि या वेळीं उद्दिष्ट काटकसरीचें होतें. साहेबांनीं तें मनावर घेतलें. कामावरच्या धडधाकट पुरुषास रोज एक रत्तल धान्य आणि वर अगदीं थोडे पैसे, एवढें पुरेसें आहे, असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं ओरडून सांगितलें कीं एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगत नाहीं. उद्दिष्ट मात्र साधत होतें. खर्च उतरत होता. त्या दुष्काळांत अर्ध्या कोटीहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. टेंपलसाहेब त्याच वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले.

टेंपल हे क्रूर पुरुष होते असें म्हणून हा प्रश्न मिटत नाहीं. तसें असतें तर बिहारांत ते निराळे कां वागले? तोच माणूस, तीच कर्तबगारी. बदललें तें वरून आलेलें उद्दिष्ट. चांगला कामगार पुरुष हाताशीं असला म्हणजे उद्दिष्ट ठरविणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाहीं, वाढते. कारण तें उद्दिष्ट खरोखरच साधलें जाणार असतें. सुस्त कारभारांत चुकीच्या अग्रक्रमाचें पाप अर्धेंमुर्धें सांडून जातें. दक्ष कारभारांत तें पूर्ण पदरांत पडतें.

आतां आपल्या पाण्याकडे वळूं. महाराष्ट्र सरकारनें २००३ सालीं राज्याचें जलनीति-धोरण जाहीर केलें आणि पाण्याचा क्रम लावून दिला. पहिलें घरगुती पाणी, दुसरे उद्योग व व्यापार, तिसरी शेती व वीज, चवथ्या स्थानीं पर्यावरण व करमणूक. शेतीच्या आधीं उद्योग कां, यावर पुष्कळ गदारोळ झाला, आणि २०११ सालीं मंत्रिमंडळानें शेतीस दुसरें व उद्योगास तिसरें स्थान दिलें. या भांडणास आम्ही राज्यकारभारांतील एक निरोगी गोष्ट समजतों. क्रम लिहिला होता, म्हणून त्यावर भांडतां आलें. जो क्रम कोणीं लिहिलेलाच नसतो आणि अधिकाऱ्यांच्या सहीसहीनें हळूहळू घडत जातो, त्याच्याशीं कोणी कसें भांडावें?

पण लिहिलेल्या क्रमांतही चोरवाटा असतात. सूर्या प्रकल्प उभारला गेला तो डहाणू, पालघर व विक्रमगड या भागांतील शेतीस पाणी मिळावें म्हणून. त्यांत आदिवासींची शेती पुष्कळ. पुढें शहरें वाढलीं, आणि सूर्येचें रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे नेण्याची योजना झाली: १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. २०२३ पासून त्याचा वसई-विरारचा भाग वाहूंही लागला. धोरण काढून पाहिलें तर बोट ठेवावयास जागा नाहीं. घरगुती पाणी पहिलें, शेती त्याच्या मागची. तेव्हां शहराची तहान शेतकऱ्याच्या पिकाआधीं आलीच. आम्हांसही तत्त्वतः तें मान्य आहे. परंतु तहान किती? शहरांतील माणसामागें रोज १३५ लिटर असें माप नियोजनकर्ते धरतात. खेड्यांतील माणसासाठीं केंद्राच्या जलजीवन योजनेनें ५५ लिटर ठरविलें आहे. दोघांची तहान सारखीच. मग मधले ८० लिटर तहानेचे नव्हेत. ते न्हाणीघराचे आहेत, शौचकूपाचे आहेत, कदाचित् मोटार धुण्याचेही आहेत. ते वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. स्वच्छता हें मोठें सुख आहे. परंतु ते 'घरगुती पाणी' या शब्दाच्या आडोशानें पहिल्या रांगेंत येऊन बसले आहेत, आणि शेतकऱ्याचें भात त्यांच्यामागें उभें आहे. अग्रक्रमाची यादी जो लिहितो त्याच्यापेक्षां यादींतल्या शब्दांची व्याप्ति जो ठरवितो तो अधिक बलवान, ही गोष्ट आमच्या लक्षांत फार उशिरां आली. मध्य वैतरणेचें धरण ज्या मोखाडा तालुक्यांत आहे, त्याच तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें वर्तमानपत्रांत दरसाल छापून येतें. कोणत्याही धोरणांत असें लिहिलेलें नाहीं कीं धरणाशेजारचा मागून प्यावा.

जलजीवन योजनेचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयीं न्यायानें बोलणें भाग आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं ती जाहीर झाली तेव्हां देशांतल्या सुमारें १९ कोटी ग्रामीण घरांपैकीं ३.२३ कोटी घरांत नळ होता. २०२५ च्या आरंभापर्यंत हा आंकडा १५ कोटींच्या वर गेला. मुदत २०२४ ची होती ती पुढें २०२८ पर्यंत वाढविली गेली. तरी हें काम लहान नव्हे, आणि एका उद्दिष्टास सारें सरकार जुंपल्यावांचून तें झालें नसतें. योजनेची व्याख्याही प्रामाणिक आहे: ठराविक गुणवत्तेचें, माणशीं ५५ लिटर, नियमित. परंतु फलकावर ठळक अक्षरांत झळकते ती जोडण्यांची संख्या. याच किनाऱ्यावरच्या एका गांवीं (त्याचें नांव आम्ही सांगत नाहीं) आम्हीं एका वृद्ध बाईंस विचारलें, "आजी, तुमच्याकडे नळ आला का?" त्या म्हणाल्या, "नळ आला, दादा. आतां पाणी कधीं येणार तेवढें तुम्ही विचारून सांगा." नळ मोजण्यास सोपा, पाणी मोजण्यास कठीण, आणि मोजण्याचें काम ज्याच्याकडे त्याचीच बढती त्या मोजणीवर अवलंबून असली, तर तो सोपें तेंच मोजील. यांत लांडीलबाडी असावीच लागते असें नाहीं. माणूस थकलेला असतो, तारीख उद्यांची असते.

यावर आमचे एक मित्र म्हणतात कीं, मग हे आंकडे आणि हीं उद्दिष्टें टाकूनच द्यावीं. राज्यकर्त्याची सद्बुद्धि हीच खरी. आम्हांस हें पटत नाहीं. सद्बुद्धीचा हिशेब कोणास मागतां येत नाहीं. १८७६-७७ सालीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रें धाडिलीं. पिकें किती बुडालीं, मजुरी किती, लोक काय खातात. ती मंडळी वकील, शिक्षक, पेनशनर अशीं आपल्यासारखींच होतीं. त्यांनीं सरकारच्या आंकड्यासमोर आपला आंकडा ठेविला. १९०२ सालीं गोखल्यांनीं कलकत्त्यास अंदाजपत्रकावर बोलतांना हेंच केलें: सरकार जी शिल्लक भरभराटीची खूण म्हणून दाखवीत होतें, ती दुष्काळानें पिळलेल्या लोकांकडून अधिक घेतलेल्या कराची शिल्लक आहे, हें त्यांनीं सरकारच्याच कोष्टकांतून सिद्ध केलें. आंकडा होता म्हणून तो उलटवितां आला. चुकीच्या मापावरचा उपाय दुसऱ्यानें घेतलेलें माप हाच होय, आणि तें घेण्याचें काम ज्याच्या घरीं नळ नियमानें येतो त्याच्यावर अधिक येऊन पडतें, कारण त्याला सवड आहे.

आमची मागणी फार मोठी नाहीं. सरकारनें किंवा त्याच्या एखाद्या खात्यानें अमुक गोष्ट आधीं करूं असें जाहीर केलें, तर त्याच कागदावर दुसरा एक रकाना असावा: त्यामुळें मागें कोण राहिलें, किती काळ, आणि हा क्रम वेळेचा कीं मोलाचा. मोलाचा असेल तर तसें लिहावें. कोणत्याही मंत्र्यास हें लिहिणें जड जाईल, हें आम्ही जाणतों. 'तुम्ही मागून' असें मतदारास तोंडावर सांगून निवडून येणें सोपें नव्हे. पण ज्यास तें लिहवत नाहीं, त्यानें तसें करूंही नये.

असा रकाना भरावयास बसलें म्हणजे काय काय उजेडांत येईल, तें दातिवऱ्याच्या खाडीवर उभें राहून आम्ही मनाशीं जुळवीत होतों. खाडींतल्या मासळीस वरून येणारें गोडें पाणी लागतें. नदी वर अडली कीं खारेपणा आंत सरकतो, आणि खाडीवर जगणारा मनुष्य त्याचा परिणाम आपल्या जाळ्यांत पाहतो. २००३ च्या यादींत या मनुष्याचें पाणी शोधावयाचें तर तें घरगुती नव्हे, उद्योगाचें नव्हे, शेतीचेंही नव्हे. राहतें चवथें स्थान. म्हणजे त्याचें पोट 'पर्यावरण व करमणूक' या सदराखालीं पडतें. किनाऱ्यावर आमच्याजवळच एक कोळी जाळें सांधीत बसले होते. हें त्यांस सांगावें असें आमच्या मनांत आलें होतें, पण आम्हीं सांगितलें नाहीं.