लपवून दिलेला काढा

कर्करोगाच्या रोग्यास केमोथेरपी चालू असतां घरच्या माणसांनीं डॉक्टरांस न कळवितां त्यास पाल्याचा रस अथवा मुळांचा काढा द्यावा कीं काय, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा दिसतो. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा आहे. देणाऱ्याच्या मनांत प्रेमच असतें. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे कृत्य योग्य झालें काय?

प्रथम भीतीचें कारण पाहूं. हाडांच्या पोकळींतील मज्जा रात्रंदिवस नवें रक्त घडवीत असते. केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाव घालितात. कर्करोगाच्या पेशी तशा, आणि मज्जेच्याहि तशाच. म्हणून पुष्कळ औषधांनंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तांतील पांढऱ्या पेशी अगदीं कमी होतात व क्षुल्लक ताप जिवावर बेततो. अशा वेळीं कोणी पपईचीं पानें सुचवितो, कोणी गुळवेल. "झाडपालाच तो, अपाय काय करणार?" असें म्हणतात.

याचें उत्तर आपल्या अंगणांतील सदाफुली देते. जमैका बेटांत लोक तिचा पाला मधुमेहावर घेत. १९५२ सालीं तीं पानें कॅनडांत पोंचलीं, आणि रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं त्यांच्या अर्काची उंदरांवर परीक्षा केली. साखर उतरली नाहीं. उलट पांढऱ्या पेशी घटल्या व मज्जा खालावली. त्याच पाल्यांतून पुढें, १९५८ च्या सुमारास, विनब्लास्टिन हें कर्करोगावरील औषध हातीं आलें. म्हणजे झाडपाला दुबळा नाहीं. तो मज्जा जाळूंहि शकतो.

दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें नांव मिळालेली सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पति युरोपांत मनाच्या खिन्नतेवर घेतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका डच परीक्षेंत इरिनोटेकान हें औषध चालू असलेल्या ५ रोग्यांस ती देण्यांत आली. मज्जेची हानि कमी झाली. परंतु औषधाचा जो अंश रोगाशीं लढतो, तो रक्तांत ४२ टक्क्यांनीं घटला होता. मज्जा वांचली ती औषधाचा मारच हलका झाल्यामुळें. घरच्यांनीं हें गुपचूप केलें असतें, तर रक्ताचे आंकडे पाहून त्यांनीं आनंदच मानला असता.

गुळवेलीसंबंधानें २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं ती घेणाऱ्या ६ रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. वाद कसाहि सुटो. पण काढ्याची वार्ता डॉक्टरांस नसेल, तर यकृत बिघडतांच ते केमोथेरपीस दोष देतील, आणि हितकर औषध थांबेल.

म्हणून दोष वनस्पतींत नाहीं, लपविण्यांत आहे. शरीर रोग्याचें आहे. त्याच्या जिवाची जोखीम दुसऱ्यानें अंधारांत पत्करावी, हा प्रेमाचा अधिकार नव्हे. कोणी म्हणेल, डॉक्टर रागावतात म्हणून आम्ही लपवितों. हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. जो वैद्य गरिबाचा प्रश्न हंसण्यावारी नेतो, तोहि या लपवालपवींत वांटेकरी होतो. तथापि त्याच्या रागाचें प्रायश्चित्त रोग्यानें कां भोगावें?

मज्जेस साह्य करणारे पारखलेले उपाय आहेत. फिल्ग्रास्टिम हें पांढऱ्या पेशी वाढविणारें औषध अमेरिकेंत १९९१ सालीं मान्य झालें. कित्येक रोग्यांस तें देतात. गरजेप्रमाणें रक्त देतां येतें, पुढील मात्रा लांबवितां येते. घरच्यांसहि काम आहे: हात धुवून अन्न द्यावें, पाणी उकळून द्यावें, घरांत तापमापक ठेवावा, आणि ताप १००.४ अंशांवर जातांच, रात्र असली तरी, काढा न करितां इस्पितळाची वाट धरावी.

वाचकहो, गांवांत ज्यांच्या शब्दास मान आहे, त्यांस आमची विनंति आहे कीं, पाला घेऊन आलेल्या आप्तास झिडकारूं नका. तो पाला कोणता, किती व केव्हां दिला, हें कागदावर लिहून घ्या, आणि पुढील खेपेस त्याजबरोबर डॉक्टरांकडे जा.