आवडत्या माणसाचा कर

आमच्या बासरला वसंत पंचमी आणि मास्तर मंडळींचा इन्कम टॅक्स ही दोन्ही बहुधा एकाच सुमारास येतात. इकडे ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात पाटी घेऊन अक्षराभ्यासाला आलेल्या मुलांच्या रांगा लागलेल्या असतात, गोदावरीचा घाट फुललेला असतो. आणि तिकडे शाळेच्या ऑफिसात फेब्रुवारीच्या पगारातून वर्षाचा उरलासुरला कर कापला जात असतो. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कोणी कोणाशी धड बोलत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही असेच हिरमुसले होऊन बसलो होतो. आमचे गणिताचे सर सिनेसंगीताचे मोठे वेडे. त्यांनी मोबाईलवर एक जुने गाणे लावले होते. इंग्रजीच्या तरुण शिक्षकाने मध्येच विषय काढला, की जगातले मोठमोठे गायक आपला पैसा परदेशातील कंपन्यांत फिरवून कर वाचवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गणिताचे सर तडकले. म्हणाले, "मग काय झाले? जन्मभर आनंद दिला त्यांनी आपल्याला. चार पैसे वाचवले तर तुमचे काय गेले?" हे बोलताना त्यांच्या हातात स्वतःच्या कापलेल्या पगाराची स्लिप होती! मला हसू आले. पण ते वाक्य पुढे कित्येक दिवस डोक्यातून जाईना.

माझ्या घरातही याच मताचा एक माणूस आहे. हैदराबादला नोकरी करणारा माझा मुलगा कॉलेजात असल्यापासून आयर्लंडच्या 'यू-टू' या बँडचा भक्त. आयर्लंड हा कलावंतांना मोठा मानणारा देश. तिथे 1969 पासून लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या सर्जनशील कामाच्या उत्पन्नावर आयकर माफ होता. पुढे सरकारने ठरवले, की वर्षाला अडीच लाख युरोपर्यंतच ही माफी राहील. तेव्हा 2006 मध्ये यू-टूने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा व्यवसाय नेदरलँड्सला हलवला, कारण तिथे रॉयल्टीवर कर फार कमी. त्यांचा मुख्य गायक बोनो हा श्रीमंत राष्ट्रांनी गरीब देशांची कर्जे माफ करावीत, मदत वाढवावी म्हणून जगभर बोलणारा माणूस! पुढे 2011 मध्ये, आयर्लंडात सरकारी खर्चाला कात्री लागलेली असताना, इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांचे गाणे चालू झाले आणि प्रेक्षकांतील काही जणांनी 'तुम्हीही कर भरता का?' अशा अर्थाचा एक भला मोठा फुगा वर चढवला. सुरक्षारक्षकांनी तो खाली ओढला. मी मुलाला विचारले, तू तिथे असतास तर कोणाच्या बाजूला उभा राहिला असतास? तो म्हणाला, "बाबा, कायद्यात बसते ना ते? मग झाले."

कायद्यात बसते, हे खरे. बेकायदा कर चुकवणे वेगळे आणि कायद्याच्या फटीतून कर टाळणे वेगळे, हे कोणताही वकील सांगेल. पण आपल्याच आंध्रातील एका मद्य कंपनीच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी या दुसऱ्या प्रकाराचीही चांगलीच हजेरी घेतली होती. चतुर लोक टाळतात तो बोजा साध्या, सरळ नागरिकांच्या खांद्यावर येऊन पडतो, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या निकालांनी त्याची धार कमी केली, ही गोष्ट वेगळी.

आणि फट असते कोणासाठी? मुधोळच्या शेतकऱ्याला आपले शेत उचलून नेदरलँड्सला नेता येत नाही. माझा पगार तर माझ्या हाती येण्याआधीच कापलेला असतो. गाण्याचा हक्क मात्र कागदावरचा असतो. तो कागद कोणत्याही देशातील कंपनीच्या नावे करता येतो. गाणारा गातो इथे, ऐकणारे ऐकतात इथे आणि कमाई उगवते तिसऱ्याच बेटावर.

आपल्याकडचा इतिहास थोडा निराळा आहे, हे मान्य केले पाहिजे. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर 97.75 टक्के होता. त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांपैकी सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती राहत! असा कायदा माणसाला लबाडी शिकवतो, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. त्याच काळात लता मंगेशकरांनी मद्रासच्या एका चित्रपटसंस्थेकडून हिशेबाबाहेर पैसे घेतले, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाला तो पुरावा विश्वासार्ह वाटला नाही आणि 1974 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही लताबाईंच्याच बाजूने निकाल दिला. किशोरकुमार आणि प्राप्तिकर खाते यांच्या झटापटीच्या गोष्टी तर आपण हसत हसत एकमेकांना सांगतो. पण तीच गोष्ट भैंशाच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याबद्दल कोणी सांगितली, तर आपल्याला हसू येते का? तेव्हा आपण म्हणतो, "चोर लेकाचा!"

ही गोष्ट गाण्यापुरती नाही. 2021 मध्ये पँडोरा पेपर्स बाहेर आले आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील एका कंपनीच्या कागदांत सचिन तेंडुलकरचे नाव दिसले. गुंतवणूक कर भरलेल्या पैशांतून केलेली, कायदेशीर आणि जाहीर केलेली आहे, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. त्याच्यावर कसला ठपका ठेवण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मी पाहत होतो ते आमच्या गावातल्या मंडळींकडे. खुलासा वाचण्याच्या आधीच ते त्याला निर्दोष ठरवून मोकळे झाले होते. त्याच यादीतल्या उद्योगपतींना मात्र न वाचताच दोषी ठरवले होते. दोन्ही ठिकाणी कागद कोणीच पाहिले नव्हते.

"त्यांनी आपल्याला किती दिले!" हे म्हणणे मला सर्वांत अवघड वाटते, कारण ते खोटे नाही. माझी आई गेली त्या वर्षी रात्री झोप येत नसे, तेव्हा उशाशी रेडिओ नसता तर माझे काय झाले असते, सांगता येत नाही. पण तो रेडिओ कोणाचा होता? परभणी आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम आणि हैदराबादचे तेलुगू, दोन्ही आमच्या घरात लागत. विविधभारती तर दिवसभर. वडील पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरत. आमचे कान तयार झाले ते लोकांच्या पैशावर चालणाऱ्या त्या केंद्रांमुळे. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, तोही याच देशाच्या संसदेत. आणि तो हक्क बुडाला तर दाद मागायची न्यायालयेही करातूनच चालतात. गायकाने आपल्याला दिले, तसे या सगळ्याने गायकालाही दिले. गाण्याची किंमत आपण तिकीट काढून, कॅसेट घेऊन केव्हाच चुकती केली. त्यावर उरते ते प्रेम. ते खुशाल करावे, पण कोणाच्या करातून ते वजा कसे होणार?

म्हणून गाणे ऐकणे सोडावे, असे मला वाटत नाही. गळ्याचा आणि खतावणीचा हिशेब एक नाही. बासरच्या गाभाऱ्यात सरस्वतीच्या शेजारीच लक्ष्मी आहे, आणि नमस्कार दोघींना वेगवेगळा करावा लागतो. सोडावी ती त्यांची वकिली.

इथवर लिहून झाले आणि माझा हात थांबला. बारा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाच्या वेळी मी भैंशातले वडिलोपार्जित घर विकले. खरेदीखतात सरकारी दराएवढी रक्कम लिहिली, उरलेली रोख घेतली. "सगळे असेच करतात," असे मध्यस्थ म्हणाला आणि मी मान डोलावली. बेट नाही, कंपनी नाही. एक कापडी पिशवी आणि माझे कपाट. माझे तर कायद्यातही बसत नव्हते.

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना मी त्या दिवशी बरेच ऐकवले होते. ही गोष्ट मात्र सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात निजामाबादला गेलो असताना ओळखीच्या एका कर-सल्लागाराला विचारले, की तो कर आता भरता येईल का? त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता? मुदतही गेली. रिटायर व्हायला आलात." मी चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत आलो. खरेदीखताची प्रत अजून कपाटात आहे.